समोरचा कशावर वाचते?

कोणीही ईमेल करून घ्यायला घरी आलं की सुमनबाई त्याला बस म्हणायची नाही, पाणी विचारायची नाही. चष्मा कपाळावर सरकवायची आणि एकच प्रश्न टाकायची, "समोरचा कशावर वाचते?" माणूस गडबडून जायचा. तो बिचारा अर्ज पाठवायला आलेला असायचा, नाहीतर मुलीची माहिती स्थळाकडे धाडायला. "मले काय मालूम, बाई?" असं तो म्हणाला की संपलं. "मंग मालूम करून ये. फोन लाव त्याले. मोबाईलवर पायते का कॉम्प्युटरवर, मशीन जुनी का नवी, मराठी अक्षर उमटते का फुटते, सारं इचार. तवरी इथं उभा राहून हवा अडवू नको."

सुमनबाई माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. तोंडावर मी तिला चाळीस वर्षं अहो-जाहो केलं. इथे कागदावर 'ती'च म्हणते. मला ती कधी आवडली नाही. माणूस मेला की चांगला होतो असं लोक धरून चालतात, मी तसं धरत नाही.

तिचं लग्न दोन वर्षांत मोडलं आणि ती सिंदीला भावाच्या घरी परत आली. मी त्या घरात त्याच वर्षी नवी सून म्हणून आले होते. म्हणजे आम्ही दोघी एकदमच आलो, पण घर तिचं होतं. वर्ध्याच्या एका कचेरीत ती टायपिस्ट होती. सकाळच्या गाडीने जायची, संध्याकाळच्या गाडीने यायची आणि आल्याबरोबर माझ्या स्वयंपाकाची परीक्षा घ्यायची. "शांते, हे वरन हाये का हात धुतलेलं पानी?" असं माझ्या सासऱ्यांसमोर म्हणायची. मी चौथी शिकलेली, ती मॅट्रिक. हे ती दिवसातून एकदा तरी कळवायची. शब्दांत नाही, नुसत्या पाहण्यात.

रिटायर झाल्यावर तिने कॉम्प्युटर घेतला. तो ठेवायला माझ्या गव्हाच्या कोठ्या मागच्या खोलीत ढकलल्या. मला विचारलं नाही. पुढच्या खोलीत टेबल, त्यावर मशीन, मशीनवर माझ्याच जुन्या लुगड्याचा तुकडा झाकायला. तोही न विचारता. मग गावातले लोक यायला लागले. ती पैसे घेत नव्हती, पण बोलणी भरपूर द्यायची, तरी लोक येत. कारण तिचं पत्र पोचायचं.

तिच्याजवळ एक लाल पुठ्ठ्याची वही होती. ज्याला ज्याला मेल जायचा त्याचं एक पान. कोणत्या कचेरीत जुनी मशीन आहे आणि मराठीच्या जागी चौकोन दिसतात, कोणाचा जावई मोबाईलवर वाचतो आणि त्याला तक्ता पाठवला तर अर्धा तक्ता बाजूला निघून जातो, कोणाला फोटो उघडतच नाही, सगळं लिहिलेलं. नवा माणूस असला तर आधी एक चाचणीचा मेल धाडायची आणि फोन करून विचारायची, "काय दिसून राह्यलं? लाल दिसते का काळं? ओळ तुटली का?" पलीकडचा माणूस वैतागायचा. तिला त्याचं काही नव्हतं.

एकदा कापसाचा एक व्यापारी आला. मुलीचं लग्न. "बाई, वर सोनेरी गणपती टाका, नावं लाल अक्षरात, बाजूनं तोरण."

"व्याही कशावर वाचते?"

"तो मास्तर हाये. शाळेतल्या कॉम्प्युटरवर वाचते म्हने."

सुमनबाईने चाचणी केली, फोन केला, वहीत लिहिलं आणि सेठजीकडे वळली. "त्या मशीनवर चित्र येत नाई. तुया गणपतीच्या जागी चौकोन दिसन, अन् चौकोनात लाल फुली. लग्नाच्या पत्रिकेवर पयलेच फुली. पाठवू?"

सेठजींनी दोन्ही हात जोडले. "साधं पाठवा, बाई. काळं पाठवा."

तो गेल्यावर ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आपन पाठोतो ते पत्र नसते, शांते. त्याले दिसते ते पत्र." हे वाक्य ती आठवड्यातून दोन-तीनदा म्हणायची. मला पाठ झालं होतं. भाकरी थापताना मी तिची नक्कल करून तेच म्हणायची, ती ऐकणार नाही अशा बेताने.

माझा मुलगा मंगेश जहाजावर फिटर म्हणून लागला तेव्हा मी तिच्या तावडीत सापडले. जहाज समुद्रात असलं की फोन लागत नाही. मेल जातो, पण त्या जहाजावरचा मेल म्हणजे सुईच्या नाकातून दोरा. फोटो गाळला जातो, रंग गाळला जातो, मराठी अक्षर तर उमटतच नाही. सुमनबाईने मंगेशकडून ही सगळी माहिती काढून घेतली होती आणि वहीत त्याचं पान केलं होतं. मराठी बोलणं, पण इंग्रजी अक्षरात. दहा ओळी. बाकी काही नाही.

दर रविवारी जेवणं झाली की ती मशीनसमोर बसायची आणि मी तिच्या मागे उभी. मी सांगायची, ती ठोकायची. मी वीस वाक्यं सांगितली की ती चार ठोकायची.

"बाई, त्याले लिवा का तुया बापानं तुया आठवनीनं पुरनपोई खाल्ली नाई."

"नाई लिवत. तो तिकडं मशीनीत हात घालून काम करते. तुये रडगाने वाचून बोट कापून घेईन."

"मंग काय लिवलं?"

"बाबा बरे. तूर चांगली. तू नीट राय."

एवढंच लिहिलं की अजून काही, मला काय कळणार? पडद्यावर सगळी इंग्रजी अक्षरं. माझ्याच मुलाला माझ्याच नावाने गेलेलं पत्र मला वाचता येत नव्हतं. त्याचं उत्तर यायचं तेही इंग्रजी अक्षरात. ती वाचेल तेच खरं. मला वाटायचं, ही माझ्या नावाने भलतंच लिहीत असेल. माझी चार वाक्यं गिळून आपलं एक घुसवत असेल. वाटायचं काय, खात्रीच होती. मूल माझं आणि बोलणं हिचं, असा तो कारभार चार वर्षं चालला.

मग आमचे हे आजारी पडले. वर्ध्याला दवाखान्यात ठेवलं. सुमनबाई भावाजवळ थांबली, मी कपडे न्यायला सिंदीला आले होते. डॉक्टर म्हणाले होते, आठ-दहा दिवस. मंगेशचं जहाज त्या आठवड्यात सिंगापूरला तेल घ्यायला एक दिवस थांबणार होतं. आदल्या दिवशी कप्तानाला सांगितलं तर तिथून उतरून विमानाने येता येत होतं. ते बंदर हुकलं की पुढे ब्राझील, महिनाभर मध्ये जमीन नाही. दवाखान्यातून निघताना सुमनबाई मला म्हणाली, "मी सांजच्या गाडीनं येतो अन् त्याले लिहितो. तू कायलेच हात लावू नको."

तो 'हात लावू नको' माझ्या डोक्यात गेला. नवरा माझा मरत होता. मुलगा माझा होता. आणि ही बातमीसुद्धा तिच्याच बोटांनी जायची?

मी सरळ बाजारातल्या ऑनलाइन सेंटरवर गेले. मंगेशचा पत्ता कागदावर होता. जहाजावर मराठी उमटत नाही हा सुमनबाईचाच बहाणा, असं मी धरून चालले होते. तिथल्या माणसाला म्हटलं, मराठीत लिही, मी सांगते तसं सगळं लिही. त्याने लिहिलं. निळ्या अक्षरात, चारी बाजूंनी काठ, वर यांचा फोटो. बाबाला आता घास उतरत नाही, पाणी चमच्याने पाजते, सिंगापूरला उतर आणि ये, मी वाट पाहते. अठरा ओळी झाल्या. मी त्या पडद्याजवळ डोळे नेऊन बोट ठेवत ठेवत वाचल्या. दोनदा वाचल्या. मुलाला गेलेलं पत्र चार वर्षांत पहिल्यांदाच मी स्वतः वाचलं होतं. सेंटरवाला म्हणाला, "मावशी, गेला." मी ताठ मानेने घरी आले.

संध्याकाळी सुमनबाई आली. चप्पल काढायच्या आत मशीनकडे निघाली. मी म्हणाले, "राहू द्या. मी पाठोला. सकायीच."

ती थांबली. "इंग्रजी अक्षरात?"

मी हो म्हणाले.

 ती मशीनवरचं लुगडं न काढताच मागे फिरली आणि हातपाय धुवायला गेली. आमच्या सगळ्या भांडणांत तिने माझा शब्द खरा धरला तो तेवढा एकदाच.

तिसऱ्या दिवशी ती कपड्यांसाठी पुन्हा घरी आली तेव्हा मीही सोबत होते. तिने मेल उघडला आणि मोठ्याने वाचायला लागली. मंगेशने लिहिलं होतं, मी मजेत आहे, सिंगापूर सुटलं, आता ब्राझील. एका अनोळखी पत्त्यावरून एक मेल आला होता, त्यात नुसती प्रश्नचिन्हं होती, कचरा समजून सोडून दिला. आज पुसताना शेवटच्या ओळीत इंग्रजीत सिंदीच्या ऑनलाइन सेंटरचं नाव दिसलं, म्हणून विचारतो. घरी सगळं ठीक ना?

ती माझ्याकडे वळली. 

"मी तुले इचारलं होतं," ती म्हणाली. "इंग्रजी अक्षरात का? तू हो म्हनलीस."

"म्हनले."

"काऊन?"

मी रडले नाही. मला रागच आला होता. "तुमी साऱ्या गावाले इचारता, समोरचा कशावर वाचते. जावयाले इचारता, मास्तराले इचारता. मले कदी इचारलं? मी तुमच्या पाठीमागं चार वर्सं उभी हाव. मले काय दिसते त्या काचीत, हे इचारलं कदी?"

 ती मशीनकडे वळली, मंगेशला तीन ओळी ठोकल्या, धाडल्या. मग मुंबईला कंपनीच्या कचेरीत फोन लावला. ते म्हणाले, आता जहाज वळत नसतं.

सात दिवसांनी हे गेले. मंगेश दीड महिन्याने आला. अंगणात बॅग ठेवून त्याने पहिलं हेच विचारलं, सिंगापूरच्या आधी मला कोणी का कळवलं नाही? मी सुमनबाईकडे पाहिलं. ती सुपारी कातरत होती. मला वाटलं, मोठी आहे, सांभाळून घेईल. तिने अडकित्ता खाली ठेवला आणि म्हणाली, "सांग त्याले. पाठोलं तू, सांगशीनही तूच. हे माया हातून नाई जानार."

मी सांगितलं. मराठीचा हट्ट सांगितला, 'हो' म्हणाले तेही सांगितलं. तो उठला आणि स्टेशनवर जाऊन बाकावर बसला, दिवेलागणीपर्यंत. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने जेवायला वाढ म्हटलं. मला सांगायला लावलं, हे मी तिला माफ केलेलं नाही. तिने ते बरोबर केलं होतं, तो भाग वेगळा.

तो परत जहाजावर गेला. पहिल्या रविवारी सुमनबाईने मेल धाडला आणि मग एक कोरा कागद घेतला. काळ्या शाईने, बोराएवढ्या अक्षरात, धाडलेली प्रत्येक ओळ मराठीत लिहून काढली आणि तो कागद माझ्या पुढ्यात टाकला. दिला नाही, टाकला. "हे गेलं तिकडं. वाच."

मी वाचलं. "इथं मी म्हनलं होतं का भाजी करपली. ते कुठी हाये?"

"करपलेली भाजी जहाजात कायले धाडू?"

"माया पोट्ट्याले माया हातची करपलेली भाजी मालूम हाये. लिवा."

तिने दात-ओठ खात मशीन पुन्हा उघडलं आणि तेवढ्या एका ओळीचा दुसरा मेल धाडला. त्या दिवसापासून आमची भांडणं दुप्पट झाली. आता मला काय गेलं ते दिसत होतं आणि प्रत्येक ओळीवर भांडता येत होतं. त्याचं उत्तर आलं की तेही ती तसंच उतरवून टाकायची. एकही रविवार चुकला नाही. पुढे मंगेशला नवं जहाज मिळालं, त्यावर फोन लागतो, चेहरा दिसतो, तरी ती कागद टाकतच राहिली. मी ते कागद डाळीच्या डब्यांखाली अंथरले. फेकले नाहीत एवढंच.

गेल्या माघात ती गेली. ताप आला, खाट धरली, आठवडाभरात आटोपलं. तिचं सगळं मी केलं, दुसरं होतं कोण? शेवटच्या दिवशी दोन चमचे वरण पाजलं तर म्हणते, "पातय हाये." मी म्हटलं, "तुमचा गळा आता एवढंच घेते. जाड वरन कायले देऊ?"  तिने तिसरा चमचा घेतला.

तेरावं झाल्यावर मी कोठ्या पुढच्या खोलीत परत आणल्या. टेबल आवरताना लाल वही हाती आली. इतर पानं चाळली, कचेऱ्या, जावई, मास्तर, मंगेशची सगळी जहाजं. शेवटच्या पानावर माझं नाव होतं. शाई जुनी झालेली, म्हणजे हे गेले त्याच वर्षीची. बोराएवढ्या अक्षरातच लिहिलं होतं, जणू मी कधीतरी वाचणार हे धरून:

'शांता. चौथी पास. मराठी, मोठं अक्षर, काळी शाई. इंग्रजी नाई. खोटं बोलते, पन वाचते नीट.'

मी पेन शोधला. 'खोटं बोलते' खोडलं नाही, खोडण्यासारखं ते नव्हतं. 'चौथी पास'च्या पुढे जागा होती, तिथे लिहिलं, 'पहिला नंबर.'