गिनिपिगचं बारसं

मूल नसलेल्या बाईने काय काय करू नये, हे आमच्या जिन्यातल्या बायकांना तोंडपाठ होतं. डोहाळजेवणाला पुढे बसू नये, कुणाची ओटी भरू नये, बारशाला पाळण्याला हात लावू नये. गिनिपिग पाळू नये, हे मात्र त्यात नव्हतं. ते मी आणल्यावर घातलं गेलं.

ऐंशीच्या दशकातली, वाशीतली गोष्ट. आमची बिल्डिंग नवी होती, आजूबाजूचे प्लॉट रिकामे होते आणि सकाळी वारा फिरला की कारखान्यांचा वास थेट स्वयंपाकघरात यायचा. नवरा फोर्टमध्ये बँकेत. मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका औषधांच्या कंपनीत, प्रयोगशाळेत नोकरीला. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि सगळे डॉक्टर, सगळे उपास करून झाले होते.

आमच्या प्रयोगशाळेत जनावरांची एक खोली होती. ती बंद करायचं ठरलं. ससे आणि उंदीर दुसरीकडे गेले, गिनिपिगही गेले, फक्त दोन माद्या उरल्या. एक म्हातारी होती आणि दुसरी गाभण. दोघी कामाच्या नाहीत, डिस्पोज करा, असं साहेब म्हणाले. ‘कामाची नाही’ हे मी आठ वर्षं निरनिराळ्या तोंडून ऐकत होते. माझं डोकंच फिरलं.

“मी नेते,” म्हटलं.

“काय करणार नेऊन?”

“पाळणार.”

साहेब हसले. मी संध्याकाळी आंब्याच्या रिकाम्या पेटीत गवताचा पेंढा घालून दोघींना कंपनीच्या बसने घरी आणलं.

दार सासूबाईंनी उघडलं. त्या गुडघ्यांच्या उपचारासाठी साताऱ्याकडच्या गावाहून येऊन राहिल्या होत्या. येताना माझ्यासाठी तीन देवांचा अंगारा घेऊन आल्या होत्या, आणि दर सोमवारी तो माझ्या कपाळाला लावताना जरा जास्तच दाबायच्या. त्यांनी पेटीत डोकावून बघितलं आणि दोन पावलं मागे सरकल्या.

“अगं, ही उंदरं हायत!”

“उंदीर नाहीत, आई. गिनिपिग आहेत.”

“श्येपूट न्हाई म्हून काय झालं? माझ्या सैपाकघरात आली तर बघ.”

स्वयंपाकघर माझं होतं, पण तो वाद मी त्या दिवशी घातला नाही. एका दिवशी एकच आघाडी उघडावी.

बाल्कनीच्या कोपऱ्यात गोणपाट अंथरलं. पेटी पालथी घालून तिला एका बाजूने दार कापलं, म्हणजे लपायला जागा झाली. दोघी आत शिरल्या त्या बाहेर येईनात. जन्मापासून पिंजऱ्यातल्या जाळीवर वाढलेल्या. जमीन त्यांना ठाऊक नव्हती, गवत ठाऊक नव्हतं. समोर हिरवीगार जुडी ठेवली तर तिच्यापासून लांब सरकल्या. कंपनीतून त्यांचं कोरडं खाणं थोडं आणलं होतं, त्यात मी गवताची चार पाती मिसळायला लागले, मग आठ, मग मूठभर.

नवं जनावर घरात आलं की त्याच्याकडे टक लावून बघायचं नसतं, हे मला कामामुळे माहीत होतं. त्याला हात लावायचा नाही, बोलवायचं नाही. आपण पाठ करून आपलं काम करत बसायचं. घराचे आवाज ते ऐकतं, वास घेतं, आणि हे लोक आपल्याला खाणार नाहीत अशी खात्री पटली की आपणहून बाहेर येतं. मी ऑफिसातून आले की बाल्कनीत त्यांच्याकडे पाठ करून गवार मोडत बसायची. तेव्हा मनात यायचं, मी या घरात सून म्हणून आले तेव्हा कुणी असंच पाठ करून बसलं असतं तर किती बरं झालं असतं! मला तर पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी निरखून बघितलं. आधी चेहरा, मग पोट.

गवत आणायला मी विळा घेऊन समोरच्या रिकाम्या प्लॉटवर जात असे. तिथून खाडीकाठच्या गावातली कोळीण टोपली घेऊन जायची. ती थांबली.

“बाय, गाय बांधलीस का गो वर माल्यावर?”

“गाय नाही, छोटी आहेत. बिनशेपटीची.”

“मंग त्यांना यो बारीक गवत दे. जाड नको.” आणि मला मासळी घ्यायला लावूनच गेली.

बिल्डिंगच्या गॅलऱ्यांतून बायका बघत होत्या. बँकेतल्या माणसाची बायको गवत कापते! मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम चांगली साडी नेसून गवत कापलं.

गिनिपिगांची भीड चेपली ती माझ्यामुळे नाही, सासूबाईंमुळे. त्या दुपारी बाल्कनीच्या दारात बसून कोथिंबीर निवडायच्या, कारण वारा तिथेच यायचा. देठं त्या शेजारी टाकायच्या. एक दिवस म्हातारी गिनिपिग पेटीतून बाहेर आली, देठ ओढून घेऊन आत पळाली. पुढे असं झालं की सासूबाईंच्या हातातली काकणं वाजली की आतून दोघी शिट्टी मारायच्या, कुकरसारखी. सासूबाई मला ओरडून सांगायच्या, “तुझी उंदरं लई आगाव झाल्यात.” पण निवडताना देठ मोठं ठेवायला लागल्या. मी मात्र पाठ करून काम करत राहिले.

मग समोरच्या वहिनींच्या सुनेचं डोहाळजेवण आलं. समोरच्या वहिनी म्हणजे आमच्या मजल्याच्या अनभिषिक्त मुख्यमंत्री. मला बोलावणं होतं, पण पुऱ्या लाटायला. बायका एकेक करून त्या पोरीची ओटी भरत होत्या. मी हात धुऊन बाहेर येत होते तेव्हा वहिनी आत कुणाला तरी सांगत होत्या, “तिला नको बोलावू पुढे. मूल नाही तर उंदीर पाळलेत तिने. पोरीला नजर लागायची.”

मी पुऱ्या तशाच टाकून घरी आले. रडले. खोटं कशाला बोलू, चांगली हमसून रडले. मग रडू थांबलं आणि राग तेवढा उरला.

त्याच आठवड्यात गाभण मादी व्याली. तीन पिल्लं. गिनिपिगची पिल्लं जन्मतःच डोळे उघडे, अंगभर केस, तोंडात दात. थोड्या वेळात पळायलाच लागतात. बिल्डिंगमधली पोरं बघायला आली आणि बातमी खालपर्यंत पोचली. लगोलग सेक्रेटरी दारात.

“मॅडम, सोसायटीत टेन्शन झालंय. दोनाची पाच झाली, उद्या पन्नास होतील.”

“नर नाहीये माझ्याकडे, पिल्लंही माद्याच आहेत. पन्नास कुठून होतील?”

ते जरा लाजले, पण हटले नाहीत. “ते आमाला काय म्हाईत नाय. पुढच्या रविवारपर्यंत हलवा, नायतर कमिटी येऊन नेणार.”

“कमिटीने माझ्या दाराला हात लावून दाखवावा.”

नवरा मागून म्हणाला, “जाऊ दे ना. आपल्याला याच लोकांत राहायचंय.”

“म्हणूनच,” मी म्हटलं.

बारावा दिवस नेमका त्याच रविवारी येत होता. मी जाहीर केलं, रविवारी संध्याकाळी आमच्याकडे बारसं आहे. दारोदार जाऊन बोलावणं केलं, समोरच्या वहिनींनासुद्धा. बायकांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

“लोक हसतील,” नवरा म्हणाला.

“आजवर माझ्या पाठीमागे हसत होते. आता तोंडावर हसू देत.”

सासूबाई मात्र भडकल्या. “माणसाचं बारसं त्ये बारसं. देवाधर्माची थट्टा करू नगंस.” मी हरभरे भिजत घातले तेव्हा त्या आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपल्या. ते मला लागलं. बाकी बिल्डिंग गेली खड्ड्यात, पण त्यांनी तरी बाहेर यावं असं मला वाटत होतं.

रविवारी मी भाजीची परडी साडीच्या काठाने बांधून बाल्कनीच्या दारात टांगली. घुगऱ्या केल्या, पेढे आणले. आधी पोरं आली, झुंडीने. पोरांना शोधत त्यांच्या आया आल्या आणि दारातच घोटाळल्या. समोरची पोटुशी सून सासूची नजर चुकवून दोनदा घुगऱ्या मागून खाऊन गेली. शेवटी वहिनी आल्या, मागे सेक्रेटरी आणि कमिटीचे दोघे.

वहिनींनी परडीत बघितलं. “काय बाई एकेकाची हौस,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “आईपण असं टोपलीत घालून मिळतं होय!”

आया आपापल्या पोरांना मागे ओढायला लागल्या. माझ्या जिभेवर दहा उत्तरं गोळा झाली.

तेवढ्यात आतून काकणं वाजली. बाल्कनीतून शिट्ट्या सुरू झाल्या. सासूबाई गुडघा धरत बाहेर आल्या. हातात ताट होतं. तांदूळ, नारळ, सुपारी आणि त्यांच्या ट्रंकेतला हिरवा खण.

“बारसं हाय न्हवं?” त्या म्हणाल्या. “मग आईची ओटी भरायची का न्हाई कुणी? बस खाली.”

मी पाटावर बसले. त्यांनी हळदकुंकू लावलं, या वेळी न दाबता. माझ्या पदरात नारळ घातला, तांदळाच्या ओंजळी घातल्या. आठ वर्षांत माझी ओटी पुष्कळदा भरली गेली होती, पण दर वेळी तिच्यात नवस असायचा, पुढल्या वर्षी तरी, असा. या वेळी त्या काहीच पुटपुटल्या नाहीत. मी डोळे पुसले नाहीत. बघू देत सगळ्यांना.

मग त्या सेक्रेटरीकडे वळल्या. “तुमी ह्यांना न्यायला आलाय?”

“आजी, सोसायटीचा नियम...”

“घरात बाळंतीण हाय. सव्वा महिना बाळंतिणीला जाग्यावरनं हलवीत न्हाईत. तुमच्या घरात हलवत्यात?”

सेक्रेटरी इकडेतिकडे बघायला लागले. पोरं खदखदून हसली, आणि मग एकेक करून त्यांच्या आयाही. कमिटीच्या एकाने घुगऱ्यांची वाटी उचलली. ती खाल्ल्यावर त्याला काय बोलता येणार होतं! सव्वा महिन्याने बघू, असं म्हणून ते उतरले. सव्वा महिन्याने बघायला कुणी आलं नाही.

मला मूल झालं नाही, पुढेही नाही. त्याचं दुःख होतं. पण ते माझं होतं, जिन्यातल्या बायकांनी येताजाता चिवडावं म्हणून बाहेर वाळत घातलेलं नव्हतं. पिल्लं मोठी झाली, म्हातारी एका थंडीत पेटीतच शांतपणे गेली, आणि सासूबाई गुडघे बरे झाले तरी गावी परत गेल्या नाहीत.

समोरच्या सुनेला मुलगी झाली. बारशाचं बोलावणं आलं, अर्थात पुऱ्यांसकट. मी हिरव्या खणाचा ब्लाउज शिवून घेतला होता, तो घालून गेले आणि स्वयंपाकघराकडे वळलेच नाही. सरळ पाळण्यापाशी जाऊन उभी राहिले आणि हात पुढे केले. त्या पोरीने सासूकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बाळ माझ्या हातांत दिलं.

आता पाळण्याच्या पलीकडे कुणीतरी घ्यायला उभं राहायला हवं होतं. एकही बाई जागची हलेना. मी बाळ घेऊन तशीच उभी. हात मागे घेणार नव्हते, रात्र झाली तरी.

सासूबाई भिंतीशी बसल्या होत्या. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पाळण्याच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात पसरले.

“कुणी गोविंद घ्या,” मी म्हणाले.

“दे हिकडं,” त्या म्हणाल्या.