आकाशाची चौकशी

"थांबा हं, आधी बघून येते. घाबरायला सगळा दिवस पडलाय." फोनवरच्या माणसाला एवढं सांगून आपा हेडफोन काढून ठेवायच्या, खुर्ची मागं ढकलायच्या आणि गच्चीचा जिना चढायला लागायच्या.

तुम्ही म्हणाल, टेलिफोनच्या ऑफिसात हे कसलं काम? पण त्या काळी आमचं एक्स्चेंज हातानं जोडायचं होतं. शहरात कुणी फोन उचलला की आमच्या बोर्डावर दिवा लागायचा. आम्ही "नंबर प्लीज" म्हणायचं आणि दोरी खोचून पलीकडच्याला जोडून द्यायचं. फोन मोजक्याच घरांत, त्यामुळं नुसत्या आवाजावरून माणूस कळायचा. आणि लोकांना वाटायचं, सगळ्या शहराशी बोलणाऱ्या या बायकांना सगळंच ठाऊक असणार. सिनेमा कधी सुटतो, पैठणची बस गेली का, आणि आकाशात ते काय दिसतंय.

ही शेवटची चौकशी आपांकडं जायची. त्या आमच्यात सगळ्यांत जुन्या, म्हणून सगळ्यांच्याच आपा, थोरली बहीण. हसल्या की डोळे पार मिटायचे. मी नवी होते, गावाकडून आलेली, हेडफोन घातला की घाम फुटणारी. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात शेजारी बसवून घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीत गच्चीवरही न्यायला लागल्या.

पहाटे पूर्वेला कुणीतरी दिवा टांगलाय असा एका वकिलांचा फोन यायचा. आपा सांगायच्या, वकीलसाहेब, शुक्र हाय तो, तुमच्या आजोबांनाबी दिसला असंल. भर दुपारी चांदीचा ठिपका तरंगतोय म्हणून बाजारातून फोन यायचे. तो हवामानवाल्यांचा फुगा असायचा. संध्याकाळी आगीच्या माळा उडताना दिसल्या, तर ते बगळे. ऊन खालून पोटावर पडलं की बगळा पेटल्यासारखा दिसतो, हे मला आपांनीच दाखवलं.

सगळं बरोबर सांगायच्या असं मात्र समजू नका. डोंगरावर एक पांढरं गोल काहीतरी स्थिर उभं होतं. आपांनी चुन्याच्या भट्टीचा धूर असं ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी कळलं, भट्टी महिनाभर बंदच होती. आपांनी आदल्या दिवशी ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्या सगळ्यांना एकेक करून फोन लावला. "काल मी चुकले. ढगच होता," एवढंच बोलायच्या आणि ठेवून द्यायच्या. एका व्यापाऱ्यानं विचारलं, बाई, ढगासाठी फोन केलात? आपा म्हणाल्या, मग काय, चुकीचं तसंच ठेवू?

ही सवय कुठून लागली, असं मी एकदा विचारलं. तेव्हा त्यांनी पोलीस ॲक्शनच्या वेळची, निजामाचं राज्य गेलं तेव्हाची गोष्ट सांगितली. आपा तेव्हा शाळकरी होत्या. विमानं येणार, बाँब पडणार अशी आवई उठलेली. सकाळी कुणाला तरी खिडकीतून छपरांवर काहीतरी लखलखताना दिसलं. घरातली सगळी माणसं पलंगाखाली शिरली. चूल पेटली नाही, कुणी दार उघडलं नाही. संध्याकाळी अम्मीला राहवलं नाही. ती उठून बाहेर गेली आणि कमरेवर हात ठेवून हसत परत आली. शेजारणीनं नवी कल्हई केलेलं पातेलं गच्चीच्या कठड्यावर वाळत ठेवलं होतं.

"दिवसभर उपाशी राहिलो, पोरी," आपा म्हणाल्या. "पातेल्याला भिऊन."

पण मला सांगायची आहे ती गोष्ट एका हिवाळ्यातली. पासष्टची लढाई संपून फार दिवस झाले नव्हते. छत्रीतून सैनिक उतरणार, अशा वावड्यांनी लोकांची मनं अजून ताणलेली होती. दिवस नुकता मावळला होता आणि आमचा सगळा बोर्ड एकदम पेटला. जो तो एकच विचारत होता. आभाळात लाल दिवा डुलतोय, तो काय आहे?

आपा गच्चीवर जाऊन आल्या. दिवा खरंच होता. लालभडक, जरा हलणारा, मधेच खाली झेपावून पुन्हा वर जाणारा.

एवढ्यात चितेगावच्या पोस्टातून फोन आला. पोस्टमास्तरांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. सकाळपासून अडली होती आणि सुईणीनं हात टेकले होते. त्यांना डॉक्टरीणबाई हव्या होत्या. शहरातली निम्मी बाळंतपणं याच बाईंच्या हातची. पांढरं पातळ, करारी चेहरा, त्यांच्या दवाखान्यात माणसं खोकायलासुद्धा कचरायची. त्यांच्याकडं जीप होती, त्या निघाल्या असत्या. मी घंटी दिली. वाजत राहिली. पुन्हा दिली. कुणी उचलेना.

इकडं बोर्डावर दिव्यांमागून दिवे. एका गृहस्थांनी तर आपांना ठासून सांगितलं की अमक्या मोहल्ल्यातून शत्रूच्या विमानांना इशारा चाललाय, आम्ही पोरं जमवून तिकडं निघालोय. तो मोहल्ला आपांचाच होता. त्यांच्या घरी तेव्हा म्हातारी अम्मी एकटी होती. हे त्या गृहस्थांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी आपांकडं पाहिलं. त्यांनी दोरी नीट खोचली.

"थोडं थांबा साहेब, बघून सांगते. माझा फोन येईपर्यंत घरातनं हलू नका," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी औरंगपुऱ्यातल्या एका कापडवाल्याला फोन लावला आणि विचारलं, तुम्हाला दिवा कोणत्या बाजूला दिसतो? तो म्हणाला, दक्षिणेला, स्टेशनच्या अंगाला. लगेच उस्मानपुऱ्यातल्या एका मास्तरांना तेच विचारलं. ते म्हणाले, उत्तरेला, गावाच्या अंगाला. आपांनी माझ्याकडं वळून बघितलं.

"तारा असता तर दोघांना एकाच अंगाला दिसला असता," त्या म्हणाल्या. "हे दोघांच्या मधी हाय. आन् लई उंच बी नाय."

दोघांच्या मधे म्हणजे त्यांच्या मोहल्ल्यापासून बराच लांब. त्या मधल्या भागात फोन असलेला एक औषधवाला होता. आपांनी त्याला रस्त्यावर जाऊन दिव्याखाली दोरा दिसतो का ते बघायला सांगितलं. दोरा असेल तर तो कुणाच्या गच्चीवर उतरतो, हेही बघून या म्हणाल्या. तो गेला. आम्ही दोघी वाट बघत बसलो. चितेगावची लाईन आपांनी तोडली नव्हती. पलीकडं पोस्टमास्तरांचा श्वास ऐकू येत होता.

औषधवाला परत आला तो हसत हसतच. त्याला धड बोलता येईना. दोरा होता. पतंग होता. पतंगाच्या दोऱ्याला लाल कागदाचा कंदील बांधलेला होता. आणि गच्चीवर, पातळाचा पदर कमरेला खोचून ढील देत होत्या, त्या आमच्या डॉक्टरीणबाई.

हैदराबादच्या भावाकडून त्या हे नुकतंच शिकून आल्या होत्या. संक्रांतीला महिना होता, तोवर हात बसावा म्हणून अंधार पडताना गुपचूप सराव चालला होता. खाली फोन वाजतोय हे वाऱ्यात ऐकू आलं नव्हतं.

आपांनी औषधवाल्याला धावतच वर पाठवलं. काही वेळानं फोनवर डॉक्टरीणबाईंचा धापा टाकणारा आवाज आला. आपांनी पतंगाचा शब्दही काढला नाही. चितेगाव, पहिलटकरीण, सकाळपासून अडलीय, एवढंच सांगून लाईन जोडून दिली. जीप निघाल्याचं कळल्यावर त्यांनी पहिला फोन त्या पोरं जमवणाऱ्या गृहस्थांना केला.

"पतंग होता, साहेब. कंदील बांधलेला. आता खाली उतरलाय, स्वतः बघून घ्या," त्या म्हणाल्या. कुणाचा, हे त्यांनी सांगितलं नाही. त्या दिवशी कुणालाच सांगितलं नाही. नंतर मग हळूच अम्मीसाठी शेजाऱ्यांकडं निरोप दिला आणि पाणी मागितलं. पेला त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

चितेगावला मुलगी झाली. आई आणि लेक दोघी सुखरूप. डॉक्टरीणबाई पुढच्या आठवड्यात स्वतः एक्स्चेंजमध्ये आल्या. आम्ही सगळ्या उभ्या राहिलो. त्या नेहमीच्याच करड्या चेहऱ्यानं आपांसमोर गेल्या आणि बारीक आवाजात विचारलं, "तुम्हाला उडवता येतो का?"

संक्रांतीच्या दिवशी त्या दोघींना मी एका गच्चीवर पाहिलं. एक पतंग धरून, एक मांज्याची चक्री धरून. आपा इतक्या हसत होत्या की त्यांना पतंग दिसत असेल की नाही कोण जाणे.

पुढं घरोघर डायलचे फोन आले. आमचा बोर्ड काढून नेला. आपा ट्रंककॉलला गेल्या, तिथूनच निवृत्त झाल्या आणि उस्मानपुऱ्यात मुलीकडं राहू लागल्या. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण त्या गेल्या तो दिवस मला फारसा आठवत नाही. आठवते ती त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली एक संध्याकाळ.

मुलीच्या गच्चीवर आम्ही खुर्च्या टाकून चहा घेत होतो. दोघींचे केस पांढरे झालेले. पश्चिमेकडून एक हिरवट उजेड आला. विमानासारखा आवाज नाही, तारा निखळताना जातो तसा घाईतही नाही. सावकाश आमच्या डोक्यावरून गेला आणि पाण्याच्या टाकीपलीकडं पोचायच्या आत आपोआप विझला.

मी आपांकडं बघितलं. उत्तर मिळणार याची खात्रीच होती मला.

त्या मान हलवून हसल्या, डोळे पार मिटेपर्यंत.

"नाय माहीत, पोरी," त्या म्हणाल्या. "काय सुंदर होतं पण."

त्या तशाच मान वर करून बसून राहिल्या. हातातल्या चहावर साय धरली, तरी त्यांची नजर खाली आली नाही.