परतीचं वाजवणं

बँडवाल्याला लाज नसते म्हणतात. आमचा बाप तर माझ्या तोंडावर म्हणायचा. कुणब्याचं पोर, घरी बैलजोडी, अन् परभणीत वरातीपुढं क्लॅरिनेट फुंकत हिंडायलंय, ह्याची त्याला लय चीड. "पिपाणी घेऊन माझा उंबरा चढायचा न्हाई," असं त्यानं सांगून टाकलं होतं. मीही त्याचाच. गेलो न्हाई.

आमचे मास्तर गोव्याचे किरिस्ताव. निजामाच्या राज्यात हैदराबादेत हॉटेलात साहेब लोकांच्या नाचाला कॉर्नेट, म्हणजे आखूड ट्रम्पेटच, वाजवायचे. राज्य गेलं, नाच गेले, मास्तर परभणीला येऊन वराती वाजवायला लागले. पण जीव अडकलेला जॅझमध्ये. अमेरिकेतल्या काळ्या वादकांच्या रेकॉर्डी ऐकून ऐकून त्यांनी ती तऱ्हा उचलली होती, आमच्याही गळी उतरवली. ते सांगायचे, "तिकडं मयताला बँड असतो. जाताना रडवायचं, पुरून येताना नाचवायचं. माणूस सुटला ना!" आमी माना हलवायचो. तिकडचं तिकडं.

बाप गेला तेव्हा थोरल्या भावाचा निरोप आला, "बापाला वाजतगाजत न्यायचाय. तुझा बँड घेऊन ये." बापाच्या माघारी का होईना, घराचं दार उघडलं होतं. आमच्या गावी, बोरीला जाताना मोटारीत मी डोळे पुसत होतो अन्, खोटं कशाला बोलू, मनातून खूषही होतो.

मसणवट्यापर्यंत मास्तरांनी असं वाजवलं की दगडाला पाझर फुटावा. बांधावरून बापाशी जन्मभर भांडलेला चुलताही हुंदके द्यायला लागला. भावानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

अग्नी देऊन परत फिरलो. आपल्याकडं मयताहून मुकाट यायचं, मागं बघायचं न्हाई, दारात कडुलिंबाचा पाला चावायचा. मास्तरांना हे सांगायचं राहूनच गेलं. त्यांनी कॉर्नेट तोंडाला लावला अन् सुरू केली की ती नाचरी धून! मास्तरांनी घेतली म्हणजे आपणही घ्यायची, एवढंच पोरांना ठाऊक. ढोलही लागला. अरे देवा! साऱ्या गावानं माना वळवल्या. धावत जाऊन थांबवायचं सोडून मी जागीच थिजलो. अन् माझा उजवा पाय, आग लागो त्याला, ताल धरायला लागला. बाप तिकडं जळायलाय अन् पाय ठेका देतोय! भावानं आधी पायाकडं बघितलं, मग तोंडाकडं.

"दहाव्याला येऊ नको," एवढंच म्हणाला.

मोटारीत मास्तरांनी विचारलं, "कसं झालं? भाऊ काय बोलला?" चेहरा नुसता उजळलेला. त्यांच्या लेखी त्यांनी माझ्या बापाला सगळ्यात मोठा मान दिला होता. मी म्हणालो, "लय आवडलं मास्तर, सगळ्यांना." झालं! पुढं वरातीला जाता-येता पिंगळीच्या स्टेशनावरसुद्धा ते भेटेल त्याला सांगायचे, "बोरीत वाजवली. लोकांनी डोक्यावर घेतलं." धरणीनं पोटात घ्यावं असं व्हायचं मला. वर म्हणायचे, "माझ्या वेळी तूच सुरू कर हां."

मास्तर गेले. त्यांना पुरून आमी कबरस्तानाच्या फाटकाबाहेर आलो, तर पोरं माझ्याकडं बघत थांबलेली. भाऊ नव्हता, गाव नव्हतं, अडवणारं कुणी नव्हतं. फुंक मारली. धून निघाली, पोरांनी उचलली. पण पाय? नको तिथं नाचलेला तोच पाय, जोरानं आपटला तरी तालावर येईना.

"तुमचा पाय चुकायलाय," ढोलवाला हळूच म्हणाला.

मी मान खाली घालून वाजवत राहिलो. घर येईपर्यंत एकच धास्ती होती, की आता मागून मास्तर विचारतील, कसं झालं? अन् मला परत खोटं बोलावं लागेल.