रत्नप्रभाबाईंची चपटी पिशवी

सिन्नरच्या शाळेत उभा जन्म विज्ञान शिकवलेल्या रत्नप्रभाबाई नातवाच्या बारशाला म्हणून दोह्याला आल्या आणि इथल्याच झाल्या. म्हणजे करून टाकल्या. त्यांना कुणी विचारलं नाही. बेत तीन महिन्यांचा होता. तो नातू, अर्णव, आता चार वर्षांचा आहे.

अल हिलाल भागातल्या फ्लॅटमध्ये त्यांना काही म्हणता काही कमी नाही. मुलगा कैवल्य गोड बोलतो, सून गार्गी त्यांच्याआधी जेवत नाही. फक्त सिन्नरच्या तिकिटाचा विषय निघाला की काहीतरी उपटतं. कधी अर्णवचा खोकला, कधी गार्गीचं प्रमोशन. "आई, पुढच्या महिन्यात नक्की," कैवल्य म्हणतो. अर्णव गळ्यात पडून "आजी, डोन्ट गो" म्हणतो, ते वेगळंच. बाईंना आपल्या घरी, आपल्या ओट्यावर चहा टाकायचा आहे, एवढंच. पण असल्या गोड माणसांशी भांडायचं तरी कसं?

या खेपेला त्यांनी न सांगताच तयारी केली. गोधड्या आणि साड्या प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत भरल्या आणि व्हॅक्यूम क्लीनर लावून आतली हवा काढली. पिशवी पापडासारखी चपटी झाली.

"अय्या, किती हलकी झाली!" गार्गी म्हणाली.

"उचलून बघ," बाई म्हणाल्या. गार्गीला ती दोन्ही हातांनीही धड उचलेना.

संध्याकाळी कैवल्यने पिशवी पाहिली. "आई, अर्णवची शाळा सुरू होतेय. एवढी टर्म होऊ दे ना."

"मला जायचंय रे," बाई पहिल्यांदाच स्पष्ट बोलल्या.

कैवल्यला ते लागलं. "तुला इथे कुणी डांबून ठेवलंय का?"

बाईंनी पिशवीवर हात ठेवला. "हिला कुणी चेपलं, सांग."

"व्हॅक्यूमने. आत खेचलं ना."

"इंजिनियर ना तू? निर्वात काही खेचत नाही. आत हवा होती तोवर ती बाहेरच्या हवेला तोलून धरत होती. आतली गेली, आणि बाहेरचीने चहूबाजूंनी दाबलं. हात कुणाचाच दिसत नाही." बाईंनी पिशवीवरचा हात काढून घेतला. "माझं तसंच झालंय, कैवल्य."

कैवल्यचे डोळे भरून आले. त्याने आईचा हात हातात घेतला.

"खरंय तुझं, आई," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात नक्की."

आठवड्याभरात कुठूनशी हवा शिरून पिशवी पुन्हा फुगली. बाईंनी मुकाट्याने व्हॅक्यूम क्लीनर आणला.