मनकर्णाबाईची सीट

आधीच सांगून ठेवतो, चूक माही होती. वामनभाऊ आजही म्हणते का त्याची होती, पण तो माणूसच तसा आहे, दुसऱ्याच्या डोक्यावर काही ठेवत नाई.

पोंभुर्ण्यात माहं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्या मागं वामनभाऊचं घर. जवानीत तो गडचांदूरकडे खाणीवरच्या एका इंग्रज साहेबाचा ड्रायव्हर होता. साहेब मायदेशी गेला तवा त्याची गाडी बंद पडून होती. तो म्हणे, वामन, तूच ठेव. कागदावर सहीबी करून दिली. विलायती गाडी, साठ-पासष्ट सालची, लांबच्या सफरीसाठी बनवलेली: दोनच माणसांच्या कातडी सीटा आन् पुढं हे एवढं नाक. ट्रॅक्टरले बांधून आणली अन् गोठ्यात लावली. त्याले चाळीस वर्सं झाली.

वामनभाऊ रोज संध्याकाळी तिच्यात जाऊन बसे, स्टिअरिंग पुसे. डाव्या सीटवर नटबोल्टचे डब्बे. त्याची बायको मनकर्णाबाई दारात भाजी निवडत पाहे. साहेबाच्या वेळी ड्रायव्हरच्या बायकोले त्या सीटवर जागा नव्हती, नंतर डब्ब्याईनं ठेवली नाई.

मागच्या वर्षी बाई भडकली. म्हणाली, यंदा सोळा ऑक्टोबरले, धम्मदीक्षेच्या दिवशी, मी चंद्रपूरच्या दीक्षाभूमीले याच गाडीत बसून जाईन, नाई चालली तर सतराले भंगारवाला येईन. आन् भंगारवाल्याले खरंच सांगून आली.

मग काय, वामनभाऊची झोप उडाली. माहीबी उडवली. वायरी उंदरानं खाल्लेल्या, त्या मी नव्या टाकल्या. दोन्ही कार्बोरेटर आठ दिवस रॉकेलात भिजवले. गळक्या रेडिएटरले झाळ लावली. पाण्याच्या पंपात ट्रॅक्टरचं बेअरिंग खरादून बसवलं. बारा तारखेले इंजिन खोकललं, काळा धूर ओकलं आन् चालू झालं! वामनभाऊ रडला. मीबी रडलो, पण लोकाईले सांगितलं डोळ्यात धूर गेला.

राहिल्या सीटा. कातडं पार लाकूड झालेलं. मी शहाणा पुढं झालो. आमचा बाप बैलाच्या कातडी पट्ट्याले टोळीचं तेल चोपडे, म्हणजे मोहाच्या बियांचं. पट्टा लोण्यावानी मऊ होई. वामनभाऊनं बायकोची सीट म्हणून सारी बरणी तिथंच जिरवली, स्वतःच्या सीटले थेंब उरला नाई. वास जाऊ दे म्हणून काच उघडी ठेवली.

जंगलाच्या कडेले जन्म गेला आमचा, पण हे सुचलं नाई. अस्वल तेलासाठी देवळातली समई सोडत नाई, हे इथलं शेंबडं पोरगंबी सांगते. पंधराले सकाळी पाह्यतो तर दारावर ओरखडे, आन् डावी सीट चाटूनपुसून चिंध्या. काथ्या बाहेर, स्प्रिंगा बाहेर. उजवीले त्यानं नाकबी लावलं नाई. करायले गेलो एक अन् झालं भलतंच. मले स्वतःच्याच कानफटात मारून घ्यावी वाटली.

मनकर्णाबाईनं पाह्यलं आन् आत गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वामनभाऊनं उकिडवं बसून चिंध्या गोळा केल्या. मग म्हणे, धनराज, पाना आण. उजवी सीट उपसली आन् डावीकडे नेली. भोकं जुळत नव्हती, नवी पाडली. उजवीकडे त्याच्या बुडाखाली मी धानाच्या वाळल्या तणसाचं पोतं दाबून भरलं.

सोळाले सकाळी निघालो. मी मोटारसायकलवर मागं, पान्यांची थैली घेऊन. पन्नास किलोमीटरात दोनदा पाणी टाकावं लागलं, बस. वामनभाऊ पोत्यावरून घसरत होता, बाई पांढऱ्या साडीत ताठ बसून होती. चंद्रपुरात पोट्ट्याईनं गराडा घातला, मोबाईल काढले. वामनभाऊ धावत गेला, तिच्या बाजूचं दार उघडलं.

बाई उतरली नाई.

"चाळीस वर्सं तुम्ही यात बसले अन् मी बाहेरून पाह्यलं," ती म्हणाली. "आता जरा मले बसू द्या. तुम्ही पाहा."

वामनभाऊ उभ्या उभ्या पाहत राह्यला, पँटीले चिकटलेलं तणस झटकत.