आदरणीय टिपू

आमच्या मावशीला जनावरांच्या दवाखान्यातून काढून टाकलं, कारण तिने गिऱ्हाइकांना कुत्री म्हटलं, अशी बातमी गल्लीभर झाली होती. दूधवाल्याने तर ती भुंकल्याचंही सांगितलं. खरं एवढंच, की तिला काढलं नव्हतं, ती भुंकली नव्हती, आणि गिऱ्हाइकांना कुत्री तिने म्हटलं नव्हतं, लिहिलं होतं. काहींना मांजर.

मावशी मुळात टायपिस्ट. टायपिंगची कामं आटली तेव्हा चाळिशी उलटल्यावर, एक डोळा गॅसवर ठेवून, ती प्रोग्रामिंग शिकली. दवाखान्यातून मोबाइलवर निरोप पाठवायचं काम तिला तात्पुरतं मिळालं. निरोप एकच, नावं ढीगभर. म्हणून नाव यायचं तिथे ती महिरपी कंस रिकामा सोडायची. आत काही नाही, नुसती बसायची जागा. वाक्यामागे नावांची रांग: आधी जनावर, मग मालक. रांगेतला पहिला पहिल्या कंसात जाऊन बसणार, दुसरा दुसऱ्यात. तू कोण, असं कॉम्प्युटर विचारत नाही.

"उद्या टिपू यास जंताचं औषध आहे, हेडमास्तर यांनी आणावे," असे निरोप बिनतक्रार जात होते. मग डॉक्टरबाईंना शिष्टाचार आठवला.

"ताई, आधी मालकाचं नाव घ्या. 'आदरणीय' लावून. माणसाला कसं, मान दिला की बरं वाटतं, कळतंय ना?"

"कळलं," म्हणत मावशीने वाक्य उलटं केलं. मागची रांग होती तशीच राहिली.

संध्याकाळी निवृत्त हेडमास्तरांच्या मोबाइलवर निरोप आला: "आदरणीय टिपू, उद्या सकाळी हेडमास्तर यांना जंताचं औषध द्यायचं आहे. उपाशीपोटी आणावे. चावत असल्यास तोंडाला जाळी बांधावी." शिंप्याच्या मांजरीलाही मान मिळाला, आणि शिंप्याला इंजेक्शन.

डॉक्टरबाईंचा फोन लगेच आला. "हेडमास्तर तुटले तर अर्धी वस्ती त्यांच्यामागे दुसरा दवाखाना गाठेल. मग ताई, मला तुम्ही परवडणार नाही, कळतंय ना?"

"कळलं."

मावशी कॉम्प्युटरपाशी बसली. प्रत्येक कंसात तिने आता लिहूनच टाकलं, हा मालकाचा, हा जनावराचा. रांग कशीही लागो, ज्याची जागा त्याला. पहिला निरोप स्वतःला पाठवून पाहिला. आदरणीय ती आणि औषध आमच्या बोक्याला, हे दोनदा वाचलं, मगच सगळ्यांना दुरुस्ती सोडली, वर क्षमस्व. मग गार झालेला चहा एका घोटात संपवला.

"हेडमास्तर आता काही येत नाहीत," मी म्हटलं.

"येतील. उपाशी येतील." मावशीचा आवाज लिफ्टमधल्या बाईसारखा सपाट.

"टिपू?"

"तोही."

"लाव पैज."

हरेल त्याने सुट्टीभर दवाखान्यातले पिंजरे घासायचे, असं ठरलं.

सकाळी हेडमास्तर आले. हातात टिपूची साखळी, चेहरा उतरलेला. प्रश्नही ते स्वतःच विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात. समोरच्याला चुकायची संधी देत नाहीत.

"चहासुद्धा घेतलेला नाही. का घेतला नाही? लेखी सूचना होती. जाळी मात्र बांधली नाही. मी चावतो का? नाही."

डॉक्टरबाई पुढे आल्या. "अहो सर, पण नंतर दुसरा निरोप आला ना?"

"आला. त्यात टिपूला उपाशी ठेवा, असं होतं. ठेवलं. मी खावं, असं होतं का? नव्हतं." मग ते मावशीकडे वळले. "बाई, पुढच्या वेळी 'आधीची सूचना रद्द' असं स्पष्ट लिहीत जा."

"लिहीन, सर."

'पुढच्या वेळी' हे डॉक्टरबाईंनी नीट ऐकलं. कपाटातून पुढच्या महिन्याच्या निरोपांची यादी काढून त्यांनी मावशीपुढे सरकवली.

मावशीने यादी घेतली, आणि मला घासणी दिली.