पाण्याला हात लावू नका

आमच्या भागात भिंत फोडणारे प्लंबर हवे तेवढे मिळतात. भिंत फोडू न देणारा एकच, आणि त्याला सगळे पाठीमागे नक्कलकाका म्हणतात. घरात शिरल्यावर हा माणूस पान्हा काढत नाही. घरातल्या एकेकाला समोर उभं करतो आणि भिंतीतला आवाज तोंडाने काढायला लावतो. एका कडक मुख्याध्यापिकाबाईंना बाथरूमच्या दारात ‘टक टक घुर्रर्र’ करताना मी स्वतः पाहिलंय. त्यांचं चुकलं तेव्हा काकांनी त्यांना पहिल्यापासून करायला लावलं.

नम्रता त्यांच्याकडे औषधालाही नाही. तरुणपणी ते नव्या इमारतींत पाइप टाकायचे. गिलाव्याच्या घाईत कुठे पाइप घट्ट धरणारा क्लॅम्प मारायचा राहून जातो हे त्यांना पाठ आहे, आणि थोडे आपणही सोडलेत असं ते बेधडक सांगतात. त्यामुळे नुसत्या आवाजावरून बंद भिंत त्यांना उघडी दिसते. बायकोने सांगितलेली भाजी मात्र त्यांना कधीच ऐकू येत नाही, अशी तिची तक्रार आहे.

मी त्यांना बोलावलं ते सासूबाईंसाठी. सासरे गेल्यापासून त्या त्यांच्या घरात एकट्या राहतात आणि तिथेच राहणार हा त्यांचा हट्ट. पण मध्यंतरी त्या सांगू लागल्या, झोपायच्या खोलीच्या भिंतीत दुपारचं कोणीतरी कण्हतं. माझा नवरा धावत जायचा, घरातले सगळे नळ सोडून बघायचा, भिंतीला कान लावायचा. काही नाही. सासूबाई एकट्या असल्या की आवाज, आम्ही गेलो की चिडीचूप. नवऱ्याने त्यावरून ठरवूनच टाकलं, की एकटेपणाने आईच्या मनावर परिणाम झालाय. आता ते घर बंद करायचं आणि तिला आपल्याकडे आणायचं. तो दुष्ट नाही हो, घाबरला होता.

माझं आणि सासूबाईंचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एका स्वयंपाकघरात आलो असतो तर त्या भिंतीपेक्षा मोठे आवाज निघाले असते. पण ती बाई नसलेलं ऐकणारी नाही, याची मला खात्री होती. असलेलं तर सगळंच ऐकते, माझी कुजबुजसुद्धा.

काका दुपारीच आले. नवऱ्याला म्हणाले, आवाज काढा. तो म्हणाला, आवाजच नाही तर काढू काय? काकांनी त्याला बाजूला केलं आणि सासूबाईंना पुढे बोलावलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि संकोचत सुरू केलं, ‘हूंऽऽऽ’. शेवटी जरा चढा. काकांनी तो पुन्हा पुन्हा ऐकला आणि छताकडे बघत विचारलं, “मावशी, दुपारी पाणी किती वापरता?”

“एकटीला कितीसं लागतं? नळाला हातसुद्धा लागत नाही.”

“मग आता कोणीही पाण्याला हात लावायचा नाही,” काका म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. मी चहा टाकायला उठले तर मला खाली बसवलं. नवरा हात धुवायला निघाला, त्यालाही अडवलं. आम्ही गप्प बसून राहिलो. आवाज आला नाही तर सासूबाईंचं घर गेलंच, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्या भिंतीकडे बघतच नव्हत्या, मुलाच्या तोंडाकडे बघत होत्या. मला जन्मात पहिल्यांदा त्यांची दया आली.

आणि भिंत कण्हली. अगदी तशीच, शेवटी चढ्या सुरात.

काका उठलेसुद्धा नाहीत. गच्चीवरची टाकी भरत आली की पाणी बंद करणारा जो तरंगता गोळा असतो, त्याचं रबर झिजलंय, ते म्हणाले. शेवटच्या बारीक धारेला तो थरथरतो आणि ती थरथर पाइपातून भिंतीत उतरते. कोणी नळ सोडला की टाकीतलं पाणी खाली जातं, धार मोकळी होते आणि आवाज थांबतो.

“दादा, तुम्ही तपासायला येत होतात ना, तेव्हा तुम्हीच तो बंद करत होतात.”

काकांनी पिशवीतून नवं रबर काढलं, पण गच्चीवर जाण्याआधी नवऱ्याला आईसमोर उभं केलं. “आता काढा.”

त्याने मान खाली घालून काढला, ‘हूंऽऽ’.

सासूबाईंनी चष्मा लावला.

“शेवटी चढतो रे तो,” त्या म्हणाल्या. “नीट काढ. परत.”